मुलुंडचं मागचं गेट

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझा दवाखाना नाही. मुलुंड पूर्व, मुलुंड पश्चिम, नाहूर आणि भांडुपचा थोडा भाग, एवढा माझा इलाखा. पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे. कोणाचा गुडघा बदललेला, कोणाच्या खुब्याचं हाड मोडलेलं, कोणी पक्षाघातातून सावरतंय. त्यांना उठवायचं, उभं करायचं, वॉकरवरून काठीवर आणायचं, हे माझं काम. जिना शिकवताना एक नियम घोकून घेते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. हॉलपासून बाल्कनीपर्यंतचं चालणं सगळ्यांना कधी ना कधी जमतंच. खाली उतरल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि त्याचं उत्तर पेशंटच्या गुडघ्यात नसतं, बाहेरच्या रस्त्यांत असतं.

हे लक्षात यायला मला काही वर्षं लागली. सारखंच वय, सारखंच ऑपरेशन, व्यायामही तितक्याच नेटाने केलेला. तरी झवेर रोडजवळच्या जुन्या चार मजली इमारतीतल्या बाई तीन महिन्यांत देवळात, बँकेत, भाजीला जायला लागतात आणि एलबीएस (लालबहादूर शास्त्री) मार्गालगतच्या मोठ्या संकुलातल्या बाई पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, बागेत गोल फेऱ्या मारत राहतात. गोल फेऱ्यांचा कंटाळा येतो. कंटाळा आला की चालणं सुटतं आणि चालणं सुटलं की स्नायू जातात. संकुलातल्या घराला लिफ्ट आहे, जनरेटर आहे, जिन्याला धरायला चांगला कठडा आहे. जुन्या इमारतीत यातलं काहीच धड नाही. तरीही बऱ्या लवकर होतात जुन्या इमारतीतल्या बाई, कारण त्यांच्या दारातून निघालेल्या रस्त्याला पन्नास-साठ पावलांवर दुसरा रस्ता मिळतो, त्याला तिसरा, आणि दमल्या तर कुठूनही वळून घरी येता येतं.

म्हणून मी मुलुंडच्या रस्त्यांबद्दल वाचायला लागले. जे समजलं ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न फक्त माझ्या पेशंटचा नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती आजच्या मुलुंडच्या जमिनीवरूनच. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं इथे शेतं, मिठागरं आणि डोंगराच्या पायथ्याचं रान होतं. १९२२ मध्ये झवेरभाई रामजी कंपनीसाठी क्राऊन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्टेशनपासून आजच्या पाच रस्ता चौकापर्यंतच्या जमिनीवर रस्त्यांची आखणी केली. इमारती नंतर आल्या, रेघा आधी पडल्या. आज एम. जी. रोड, आर. आर. टी. रोड, देवीदयाल रोड, गोशाळा रोड अशी नावं घेत आपण ज्या भागातून जातो, त्याचं हाड त्या आखणीचं आहे. त्या वेळी मुलुंड मुंबईत नव्हतंच. बृहन्मुंबईची हद्द मुलुंड आणि दहिसरपर्यंत आली ती १९५७ मध्ये. म्हणजे ज्या जाळ्यावर आजही लाखो पावलं रोज चालतात, ते एका छोट्या गावात, ते मुंबईत येण्याच्या पस्तीस वर्षं आधी, आखलं गेलं होतं. जमिनीचे प्लॉट विकायचे म्हणून ते आखलं, त्यात व्यापारी हिशोब होता, हे मान्य. पण प्लॉट विकणाऱ्यालाही त्या काळी वाटायचं की प्रत्येक प्लॉट दोन-तीन रस्त्यांनी स्टेशनला जोडलेला असला तर त्याला भाव येईल. हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढचं मुलुंड वेगळ्या पद्धतीने वाढलं. फाळणीनंतर डोंगराकडेला निर्वासितांची वसाहत झाली, तीच आपली मुलुंड कॉलनी. आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखाने आले: हेक्स्ट, जॉन्सन अँड जॉन्सन, रिचर्डसन क्रुडास. कारखान्याला मोठा अखंड प्लॉट लागतो, चारी बाजूंनी भिंत लागते आणि एक मोठं गेट पुरतं. कारखान्याच्या मधून लोकांनी जावं, अशी अपेक्षा कोणी करत नाही. नव्वदच्या दशकापासून मुंबईतले कारखाने एकामागून एक बंद होऊ लागले, तशा त्या रस्त्यावरच्या कितीतरी जागांवर टॉवर उभे राहिले. शेकडो कामगार पाळीने आत-बाहेर करायचे, त्या जागी हजारो माणसं राहायला आली. पण भिंत तिथेच राहिली आणि गेटही एकच राहिलं. कारखान्याची हद्द होती तशी वस्तीची हद्द झाली.

माझे एक पेशंट काका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आहेत. आयुष्यभर लेआउट तपासण्याचं काम केलेलं. त्यांच्या खांद्याचे व्यायाम घेताना मी त्यांना विचारलं, की एवढी मोठी जमीन मोकळी झाली तेव्हा पुन्हा रस्त्यांचं जाळं का नाही आखलं?

"हे बघ," ते म्हणाले, "१९२२ ला कागद एक होता. सगळी जमीन त्या एका कागदावर. आता प्रत्येक प्लॉटचा कागद वेगळा, मालक वेगळा, मंजुरीची तारीख वेगळी. एकाचं काम चालू असतं तेव्हा शेजारी कारखाना असतो. मग तो म्हणतो, मी माझा आतला रस्ता भिंतीपर्यंत नेऊन करू काय? पलीकडे तर शेड आहे. दहा वर्षांनी शेड जाते, पण तोवर इकडे भिंतीला टेकून क्लबहाऊस झालेलं असतं."

"पण विकास आराखड्यात रस्ते असतात ना?"

"असतात. ते मोठे रस्ते, साठ फुटी, नव्वद फुटी. गल्ली कोण दाखवणार आराखड्यात? आणि तुझ्या पेशंटला लागते ती गल्लीच."

काकांचं हे म्हणणं मला पुढे वाचलेल्या एका अभ्यासात सापडलं, वेगळ्या देशातलं. इटलीत मिलानच्या उत्तरेला ग्रोआने नावाचा प्रदेश आहे. तिथल्या जवळजवळ दोनशे वर्षांतल्या नकाशांवरून, १८३३ पासून २००७ पर्यंतच्या, संशोधकांनी रस्त्यांची वाढ कशी झाली ते तपासलं. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना वाढीच्या दोन तऱ्हा दिसल्या. एक, नवा रस्ता मोकळ्या रानात शिरतो आणि शहराची कड पुढे सरकवतो. दुसरी, असलेल्या दोन रस्त्यांच्या मध्ये नवा रस्ता निघतो आणि जाळं दाट होत जातं. गाव तरुण असताना पहिली तऱ्हा जास्त दिसते, मग दुसरी वाढत जाते. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली: सगळ्यात जास्त वाटा ज्यांच्यावरून जातात, ते रस्ते बहुतेक वेळा सगळ्यात जुने असतात. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर एलबीएस आला. एवढं सगळं बदललं, कारखाने आले आणि गेले, रस्त्याच्या मधोमध मेट्रो चारचे खांब उभे राहिले, तरी ठाण्याकडे जाणारा तो जुना आग्रा रोडच अजून सगळ्यांचा भार वाहतो आहे.

मुलुंडच्या पश्चिमेला झालं असं की दुसरी तऱ्हा, जाळं दाट होण्याची, एलबीएसच्या पलीकडे घडलीच नाही. घरं दाट झाली, रस्ते नाहीत. प्रत्येक संकुल एलबीएसला एका देठाने लटकलेलं. शेजारच्या संकुलातल्या मैत्रिणीकडे जायचं तरी आधी देठावरून खाली खोडावर यायचं, खोडावरून थोडं चालायचं आणि दुसऱ्या देठाने वर जायचं. जाळ्याचं झाड झालं. झाडावर एका पानावरून दुसऱ्या पानावर थेट जाता येत नाही आणि खोडावर गर्दी होते. मग आपण खोड रुंद करायला निघतो.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघांनी तिथल्या शंभर वर्षांतल्या रस्त्यांची जोडणी मोजली. चौक किती, तिठे किती, पुढे काहीच नाही अशी बंद टोकं किती, हे पाहून. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. विसाव्या शतकात बहुतेक काळ तिथल्या नव्या वस्त्यांची जोडणी घसरत गेली आणि १९९४ च्या सुमारास तळ गाठून पुन्हा सुधारू लागली. नंतर २०२० मध्ये त्यांनी जगभरचं चित्र मांडलं, त्यात इशारा स्पष्ट आहे: जगाच्या मोठ्या भागात आता तुटक रस्त्यांची शहरं बांधली जात आहेत आणि एकदा पडलेली रस्त्याची रेघ पुसणं फार अवघड असतं. घर पाडून नवं बांधता येतं. मुलुंडमध्ये रोज तेच चाललंय. रस्ता मात्र घरांपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला आशेची वाटली. जर्मनी, डेन्मार्क अशा देशांत गाड्यांसाठी रस्ता बंद टोकाचा ठेवला, तरी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना पुढे जायला पायवाट ठेवतात. गाडी थांबते, माणूस थांबत नाही.

ही काही परदेशी कल्पना नाही. माझ्या आईचं माहेर गिरगावातलं. तिच्या लहानपणी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला माणसाच्या रुंदीचे बोळ होते, एखादी चाळ तर अशी की जिन्याखालून पलीकडच्या गल्लीत निघता यायचं. टांगा किंवा मोटार तिथे कधीच गेली नसती. गिरगावातल्या बायका मात्र मुख्य रस्त्यावर पाय न ठेवता अर्धं गिरगाव फिरायच्या. आई अजून त्या वाटा तोंडपाठ सांगते.

आता त्या आजींबद्दल, ज्यांच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

एलबीएसजवळच्या एका मोठ्या संकुलात, बाराव्या मजल्यावर आजी राहतात. उजवा गुडघा बदललेला. मुलगा-सून नोकरीला, नात कॉलेजला. मी पहिल्यांदा त्यांना बाल्कनीपर्यंत चालवत नेलं, तेव्हा त्यांनी खाली बोट दाखवलं. संकुलाच्या मागच्या भिंतीपलीकडे जुनी वस्ती आहे. तिथे गल्लीत भाजीवाले बसतात, गणपतीचं छोटं देऊळ आहे, पिठाची गिरणी आहे.

"अगं, तो भाजीवाला हाक मारतो ना, ती मला इथे वर ऐकू येते," आजी म्हणाल्या. "पण त्याच्यापर्यंत जायला मला रिक्षा करावी लागते."

आम्ही फिजिओ एक साधी चाचणी घेतो: सपाट जागेवर सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालतो. आजी तेव्हा तीनशेच्या आसपास चालायच्या, मध्ये एकदा थांबून. देऊळ त्यांच्या लिफ्टपासून सरळ रेघेत दीडशे मीटर असेल. मुख्य गेटने बाहेर पडून, एलबीएसवरून वळसा घालून, मागच्या गल्लीतून तिथे पोचायचं तर किलोमीटरभर. त्यात फूटपाथ कुठे उखडलेला, कुठे पत्र्याने अडवलेला. ज्यांची ताकद तीनशे मीटरची आहे त्यांच्यासाठी ते देऊळ दुसऱ्या गावात आहे.

मागच्या भिंतीला गेट होतं. मी स्वतः पाहिलं: लोखंडी, हिरव्या रंगाचं, साखळी आणि कुलूप घातलेलं, समोर कुंड्या मांडलेल्या. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्या सोसायट्यांनी जादा गेटं बंद केली, एकाच गेटवर ताप मोजता यावा म्हणून. ते तेव्हा बरोबर होतं. ताप मोजणं संपलं, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, कुलूप राहिलं. मुलुंडमध्ये अशी गेटं मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत, की माझी खात्री आहे, तुमच्याही आसपास एखादं असेल.

आजींच्या सुनेने समितीत विषय काढला. हरकती आल्या त्या खोट्या नव्हत्या. मागच्या वस्तीतून कोणीही आत येईल. डिलिव्हरीच्या बाइक त्याच वाटेने घुसतील. दुसऱ्या गेटला दोन पाळ्यांचे वॉचमन ठेवायचे म्हणजे मेंटेनन्स वाढणार. लोक सोसायटीतून शॉर्टकट मारतील. यातल्या शेवटच्या हरकतीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे सांगते.

मग काही जण एकत्र बसले. आजींची सून, तळमजल्यावर क्लिनिक असलेले एक होमिओपॅथ, दोन निवृत्त शिक्षिका. त्यांनी मोठं गेट उघडा असं म्हटलंच नाही. मोठ्या गेटाच्या झडपेतच एक छोटं दार होतं, एका वेळी एक माणूस जाईल एवढं. ते सकाळी आणि संध्याकाळी काही तास उघडायचं. पार्किंगमध्ये फेऱ्या मारणारा वॉचमन त्या वेळेत तिथे बसेल, म्हणजे नवा पगार नाही. बाइक जाऊच शकणार नाही, कारण दाराला उंबरा आहे. कॅमेरा तिकडे आधीच होता. मी फक्त एक भर घातली: त्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा छोटा उतार हवा आणि भिंतीला धरायला एक पाइप. वॉकर उचलून उंबरा ओलांडणं हा घरी व्यायाम म्हणून ठीक आहे, रस्त्यावर तो धोका आहे.

दार उघडलं. आजी देवळात गेल्या, परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी मला गल्लीतल्या भाजीचे भाव सांगितले.

पण त्या दाराचा सगळ्यात जास्त उपयोग कोणाला झाला, हे मला तिथे उभं राहिल्यावर दिसलं. संकुलात धुण्या-भांड्याला, स्वयंपाकाला, बाळं सांभाळायला येणाऱ्या बहुतेक बायका त्या मागच्याच वस्तीत राहतात. त्या रोज तो किलोमीटरभराचा वळसा घालत होत्या, येताना आणि जाताना, कित्येक जणी दुपारी घरी जाऊन संध्याकाळी परत, म्हणजे दुप्पट. त्यांच्यातली एक माझी पेशंट नाही, पण मला ओळखते. ती म्हणाली, "ताई, आता पोराला शाळेतून आणून मग येता येतं." तिने समितीला अर्ज दिला नव्हता. तिला अर्ज देता येत नाही, कारण ती सभासद नाही. सोसायटीच्या सभेत या बायकांच्या पायांचा हिशोब कोणाच्याच मनात येत नाही. मला ते खटकतं आणि खटकत राहील.

म्हणून ती शॉर्टकटची हरकत मला पटत नाही. चार-पाच एकर जमीन भिंतीने बंद केली की आजूबाजूच्या प्रत्येकाचं अंतर वाढतं, ज्यांना त्या संकुलात काहीही काम नाही त्यांचंसुद्धा. शाळेत जाणारी मुलं, स्टेशनला जाणारी माणसं, पाणी भरून नेणाऱ्या बायका. ती वाढलेली पावलं कोणाच्या बिलात येत नाहीत, पण कोणीतरी ती रोज चालतं. माझं म्हणणं आहे, की एवढ्या मोठ्या प्लॉटला मंजुरी देतानाच एका कडेने चालणाऱ्यांची वाट सोडण्याची अट हवी. दीड-दोन मीटर रुंद, दिवा असलेली, दोन्ही टोकांना रस्त्याला मिळणारी. संकुल आपल्या बाजूने भिंत बांधू दे, पण वाट सगळ्यांची. बांधून झाल्यावर भांडत बसण्यापेक्षा नकाशावर ती रेघ ओढणं कितीतरी स्वस्त आहे.

जाळं असण्याचा फायदा काय, हे गेल्या दोन-तीन वर्षांत रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाने सगळ्यांना दाखवलं. स्टेशनजवळच्या जुन्या भागात एक रस्ता खणला की लोक शेजारच्या रस्त्याने गेले. धूळ खाल्ली, चिडले, पण गेले. एका गेटाच्या वस्तीसमोरचा रस्ता खणला तेव्हा मात्र सगळंच अडलं. माझ्या एका पेशंटला रात्री छातीत दुखायला लागलं, अ‍ॅम्ब्युलन्स खड्ड्याच्या अलीकडे थांबली आणि स्ट्रेचर हातांनी उचलून न्यावं लागलं. ते वाचले.

हाच प्रकार मोठ्या मापात अंधेरीत झाला. रुळांवरून जाणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या सगळ्यांनी इतर मोजक्या पुलांवर आणि सबवेवर गर्दी केली. पूल थोडे असले की एक गेला तरी अख्खं उपनगर लुळं पडतं.

मुलुंडला रुळ दोन भागांत कापतात. चालणाऱ्याला स्टेशनचे पूल आहेत. गाडीने जायचं तर दक्षिणेला नाहूरचा पूल किंवा उत्तरेला पूर्व द्रुतगती महामार्गाने कोपरी पुलावरून तीन हात नाक्याचा वळसा. नवघर रोडला माझे एक पेशंट राहतात, नाटकाचं वेड असलेले. कालिदास नाट्यमंदिर पश्चिमेला, पी. के. रोडवर. पक्षाघातानंतर डावा पाय ओढतात. पुलाचे जिने गर्दीच्या वेळी त्यांना नकोत, रिक्षाने नाहूरवरून जायचं तर प्रयोगाइतकाच वेळ रस्त्यात जायची भीती. दोन्ही बाजूंनी रुळांपर्यंत छान रस्ते आहेत, मधला टाका नाही. रुळांखालून रॅम्पचा, रुंद, उजेडाचा चालण्याचा मार्ग झाला, तर पूर्वेचे किती म्हातारे पश्चिमेला येतील!

हरिओम नगरचं आणखी वेगळं. ते मुंबईतच आहे, मुलुंडचाच भाग आहे, पण मध्ये महामार्ग आणि टोलनाका. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा तिथल्या लोकांचा आपल्याच उपनगरात यायचा खर्च गेला. महामार्ग मात्र मध्ये आहेच.

आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होतो आहे, १२.२ किलोमीटरचा. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून ४.७ किलोमीटरचे दोन बोगदे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या वर थेट घोडबंदरपर्यंत पूर्व-पश्चिम थेट वाट नाही, म्हणून त्याची गरज आहे, हे मला मान्य आहे. पण मोठ्या रस्त्याबद्दल सगळे बोलतात. आजींच्या मागच्या भिंतीतल्या दाराचा खर्च सिमेंटचं एक पोतं, एक पाइप आणि गवंड्याची एका दिवसाची मजुरी होता, आणि त्याबद्दल बोलायला समितीत चार माणसं मिळायला अनेक महिने लागले.

पूर्वेला माझ्याच घराजवळ उलट दिशेने काम चाललं आहे. तिथल्या इमारती छोट्या, दोन इमारतींच्या मध्ये बोळ, बोळातून नव्वद फुटी रोडला निघायचं. आता दोन-तीन सोसायट्या मिळून एकत्र पुनर्विकासाला जातात. प्लॉट एक होतो, मधला बोळ नकाशातून जातो आणि नव्या इमारतीचं पार्किंग कडेपर्यंत येतं. बोळ कोणाच्या नावावर नसतो, तो केवळ दोघांनी सोडलेली जागा असतो, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी सही अडवत नाही. बोळ जाणार हे करारावर सह्या झाल्यावर कळतं. पुनर्विकासात असाल तर बिल्डरकडून आलेल्या नकाशात जुन्या येण्याजाण्याच्या वाटा लाल पेनाने काढा आणि विचारा, की ही वाट नव्या नकाशात कुठे आहे.

आणि ज्यांच्याकडे आधीच कुलूप लागलेलं गेट आहे, त्यांच्यासाठी. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी येते. नोटीस निघायच्या आधीच सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, म्हणजे गेटाचा विषय अजेंड्यावर येईल. ऐनवेळच्या विषयात तो काढला तर चहा येईपर्यंत विरून जातो. पत्रात तीन गोष्टी लिहा: दार किती वाजता उघडायचं, त्या वेळी तिथे कोण बसेल आणि चावी कोणाकडे राहील. मागे नाला असेल आणि त्यावर चालण्यापुरता पूल हवा असेल, तर तो विषय सोसायटीचा नाही. त्यासाठी पत्र महापालिकेच्या टी विभाग (मुलुंड) कार्यालयाला द्यायचं, शक्यतो नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या लोकांच्या सह्यांनिशी. आमच्याकडच्या नाल्यासाठी मी तसं पत्र लिहायला घेतलं आहे. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या कोणाला त्यावर सही करायची असेल, तर मला कळवा.